‘बरं आहे’ला रकाना नाही

आमच्या अमरावतीत माणूस माणसाला भेटला की ‘जेवण झालं काय?’ असं विचारतो. दौलतराव इंगोले मात्र समोरच्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळतात आणि विचारतात, “काय दुखून राह्यलं?”

लग्नाच्या पंगतीत विचारतात, बँकेच्या रांगेत विचारतात. माझ्या पुतण्याच्या साखरपुड्यात त्यांनी मुलीच्या वडिलांना विचारलं, आणि त्या भल्या माणसानं भर मांडवात आपली मूळव्याध पहिल्यापासून सांगितली. ‘बरं आहे’ हे उत्तर इंगोले भाऊंना चालत नाही. “बरं आहे लिहायले रकाना नाई. नीट सांगा.” मग शर्टाच्या खिशातून डायरी निघते, आणि समोरच्याची कंबर तारखेसकट तिच्यात जाऊन बसते.

इंगोले भाऊ आणि मी एकाच धंद्यातले, आरोग्य विम्याचे एजंट. आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगू नये अशी आहे, ती सांगूनच टाकतो. विम्याच्या अर्जात आजारांची यादी असते. बीपी आहे का, शुगर आहे का, दमा आहे का. सगळं इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरांत. गिऱ्हाईक म्हणतं, तुम्हीच भरा. आम्ही वरपासून खालपर्यंत ‘नाही’वर खुणा मारत सुटतो. हात इतका बसलेला असतो की चहा येईपर्यंत अर्ज तयार होतो. पुढे माणूस दवाखान्यात पडला की कंपनी तोच अर्ज बाहेर काढते आणि म्हणते, तुम्ही आजार लपवला, पैसे मिळणार नाहीत.

इंगोले भाऊ एका अर्जाला दोन तास लावतात. अंजनगाव सुर्जीच्या एका म्हातारीला त्यांनी तिच्या वांग्याच्या वाफ्यात उभं राहून सगळे प्रश्न विचारले होते. तिनं पॉलिसी घेतली नाही, पण अजून वांगी पाठवते.

सरकार आरोग्य विम्याचे नियम बदलणार अशी बातमी आली तेव्हा आम्ही एजंट खडबडून जागे झालो. ज्या समितीपुढे तो विषय होता तिच्यातले एक खासदार अकोल्याच्या विश्रामगृहावर उतरणार होते. त्यांना निवेदन द्यायचं ठरलं. मागण्या दोनच: कमिशन कमी करू नका आणि आमच्याशी बोलल्याशिवाय नियम करू नका. इंगोले भाऊंनी तिसरी काढली. अर्ज मराठीत आणि मोठ्या अक्षरांत हवा, प्रत्येक प्रश्न माणसाला वाचून दाखवायचा, आणि एजंटनं न विचारता खूण केली तर त्याचं लायसन्स रद्द.

बैठकीत एकच गलका झाला. मी म्हणालो, “भाऊ, आपल्याच पायावर धोंडा काहून पाडून घेऊन राह्यले?”

“पाय माहा हाय. पडू दे.”

सगळ्यांनी हात वर करून तिसरी मागणी पाडली. इंगोले भाऊंनी ती निवेदनाच्या तळाशी पेनानं लिहिली, आणि लिहिताना कोण काय बोलतंय तिकडे लक्षही दिलं नाही.

अकोल्यात वयानं मोठे म्हणून निवेदन त्यांच्याच हाती आलं. खासदारसाहेबांनी कागदाचं दुसरं टोक धरलं, फोटो निघाला, टाळ्या झाल्या. इंगोले भाऊ कागद सोडेनात.

“तिसरी मागणी वाचा साहेब, मंग सोडतो.”

“वाचतो ना. गाडीत वाचतो.”

“गाडीत वाचलेलं निवेदन मी आजवर पाह्यलं नाई.”

मी मागून त्यांचा शर्ट ओढला. त्यांनी डाव्या हातानं पिशवीतून कोरा अर्ज काढला. “वाचू नका मंग. हा भरा.”

साहेबांनी चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला. मग हसून म्हणाले, “तुमीच खुणा करून टाका ना भाऊ. मी सही करतो.”

सगळे हसले. इंगोले भाऊंच्या हातातून कागद आपोआप सुटला.

“असंच म्हणलं होतं माह्या बायकोनं,” ते म्हणाले. “मी खुणा केल्या. सगळ्या ‘नाई’. तिले दमा होता साहेब. कंपनीनं अर्ज काढून दाखवला. खुणा माह्याच हातच्या होत्या.”

साहेब खुर्चीत बसले. तिसरी मागणी त्यांनी दोनदा वाचली, “समितीत मांडतो” म्हणाले, आणि निवेदन पीएकडे न देता स्वतःच्या खिशात ठेवलं.

पाडलेली मागणी साहेबांच्या खिशात गेली म्हणून परतीला आमची मंडळी त्यांना गाडीत घ्यायला तयार नव्हती. इतकी वर्षं मीही चहा येईपर्यंत अर्ज भरत आलो होतो, आणि त्या दिवशी मला त्याची लाज वाटली. मी त्यांच्यासोबत एसटीत बसलो. त्यांच्या बायकोला जाऊन तीन वर्षं झाली होती, पण त्या अर्जाचं मला काहीच माहीत नव्हतं.

“भाऊ, पैशाचं मनाले लावून घेऊ नका,” मी म्हणालो.

“पैशाचं कोण म्हणते? इलाजाचा पैसा पोरीनं भरला. बायकोले दमा हाय हे मले दवाखान्यात डॉक्टरनं सांगतलं. सव्वीस वर्षं एका घरात. पोळ्या करता करता धाप लागून थांबे, तं मी म्हणो, गॅस कमी कर. त्या दिवशी अर्ज वाचून दाखवला असता तं तिनं सांगतलं असतं. मी विचारलंच नाई.”

मूर्तिजापूर आलं. खाली संत्रीवाले ओरडत होते. इंगोले भाऊ खिडकीबाहेर बघत होते आणि त्यांचा हात गुडघ्यावर होता.

“अन् तुमचं, भाऊ?” मी विचारलं. “काय दुखून राह्यलं?”

“बरं आहे.”

मी त्यांच्या खिशातली डायरी काढून घेतली. “बरं आहे लिहायले रकाना नाई.”

त्यांनी माझ्याकडे रागानं पाहिलं. मग त्यांनी पेन माझ्या हातात दिलं.

“लिहा. डावा गुडघा. छातीत कधी कधी कळ येते. झोप नाई, ती गेल्यापासून.”

बडनेरा येईपर्यंत ते सांगत होते आणि मी लिहीत होतो. शेवटी डोळे पुसून म्हणाले, “अन् खाली लिहा. खासदारानं मांडलं नाई तं पुन्हा जायचं. पुढच्या टायमाले कागद सोडत नसतो मी.”