वरच्या ढोलीतले साहेब

बाळांनो, जवळ सरका. एका जंगलात प्राण्यांना नुकताच ढोल्या-बिळांच्या भिंती रंगवायचा नाद लागला होता. त्या जंगलात एक म्हातारी खार राहायची. तिचे दात हलू लागले होते. जन्मभर साठवलेली चारोळी आता तिला फुटेना.

तिच्या मनात आलं, भाड्यानं दिलेलं एखादं झाड विकत घ्यावं. भाडेकरू भाडं म्हणून मऊ फळं आणून देतील. म्हातारपण निघेल.

सुतारपक्ष्याकडं असं झाड होतं. ऐनाच्या जुन्याच झाडाला त्यानं एकावर एक नव्या ढोल्या पाडल्या होत्या आणि वरून लाखेचा चकचकीत रंग दिला होता. खालच्या ढोलीत पोपटीण, तिची पिलं. वर घुबडसाहेब.

"परवानगी घेतलीयस ना रे? फार पोखरलं की झाड पडतं म्हणतात," खारीनं विचारलं.

"मावशी, वर बघा कोण झोपलंय. परवानगी देणारे साहेबच आपले भाडेकरू! त्यांच्या दारात कागद मागायचा? बरं दिसेल का?"

खार ओशाळली. तिनं झोपलेल्या साहेबांना हात जोडले आणि सगळी चारोळी सुतारपक्ष्याला देऊन टाकली.

महिना भरला. साहेब वळकटी घेऊन खाली उतरले.

"झाड रिकामं करा. ढोल्या बेकायदा आहेत. उद्या हत्ती येईल पाडायला."

"अहो साहेब, तुम्ही तर इथंच राहत होता!"

"म्हणूनच खात्रीनं सांगतोय. वारा सुटला की कसलं हलतं हो!"

"मग आधी का नाही बोललात?"

"तेव्हा मी घरी होतो. घरी मी कार्यालयाचं बोलत नाही."

"निदान भाडं तरी?"

"बेकायदा ढोलीचं भाडं? मावशी, मी सरकारी माणूस. नियमात बसत नाही ते."

दुसऱ्या दिवशी हत्तीनं कपाळ लावलं. झाड आडवं झालं. खार धुळीत बसून राहिली.

पिलांना शेजारच्या झाडावर ठेवून पोपटीण खाली आली. तिनं रानातून आणलेली एक चारोळी चोचीनं फोडली आणि खारीच्या पुढ्यात ठेवली.

"खा मावशी. भाडं समजा."

ओढ्यापलीकडं सुतारपक्षी एका सशाला नवं रंगवलेलं झाड दाखवत होता. वरच्या ढोलीत साहेब गाढ झोपले होते.

तात्पर्य : बाळांनो, घर बांधू नये, विकतही घेऊ नये. परवानगी देणारं व्हावं. मग कुणाच्याही घरात झोप छान लागते.