दगडमाशीचे कुळप्रमाणपत्र

जानेवारीच्या सोळा तारखेला एका दगडमाशीने आमच्या कुळ पडताळणी समितीकडे स्वतः येऊन अर्ज दिला. वंशावळ स्टॅम्प पेपरवर होती, प्रतिज्ञापत्र होते, दोन साक्षीदारांच्या सह्या होत्या. इतका नीटनेटका अर्ज माणसांकडूनसुद्धा येत नाही, हे मी अठरा वर्षांच्या कारकुनीवरून सांगतो.

दगडमाशी थंड ओढ्यात दगडाखाली तीन वर्षे काढते आणि पंख फुटले की बाहेर येते. टेबलावर पोट आपटून ती बोलते. आमच्या कार्यालयात ते सर्वांना समजते.

"बाहेर आल्यापासनं नऊ दिस मिळत्यात, साहेब," ती म्हणाली. "त्यातला एक यष्टीत गेला."

तिची अडचण खरी होती. नव्या वर्गीकरणात तिचे कुळ रद्द करून शेजारच्या मोठ्या कुळात घालायचे ठरले होते. ओढ्यातले दगड कुळाच्या नावावर असतात. कुळ गेले की दगड गेले, आणि तिच्या पिल्लांना पाण्यात कुठे थारा उरला नसता.

पुरावा म्हणून तिने बारा कोटी वर्षांपूर्वीचा जीवाश्म रजिस्टर पोस्टाने आधीच पाठवला होता. हाताएवढा दगड, त्यात एक डावा पंख. मी लगेच त्रुटी काढली. मधल्या पिढ्यांचा एकही पुरावा नव्हता.

"आमची मान्सं वाहत्या पान्यात मेली, साहेब. चिखलात मेली असती तर ऱ्हायली असती."

मी ते जबाबात जसेच्या तसे लिहून घेतले.

समितीच्या सचिव कारखानीस मॅडम यांनी भिंगातून दोन्ही पंख पाहिले. "शिरा जुळतात, गुरव," त्या मला म्हणाल्या. "पण नियम अकरा. जुळणारा पंख मूळ स्वरूपात, अंगासकट, कायमचा फायलीत लागतो."

मी झेरॉक्स काढून पाहिली. माशी काचेवर जराही न हलता बसली होती, तरी शिरा उमटल्या नाहीत.

"मूळ म्हंजी मीच का?" तिने विचारले.

"हो."

"आन् अंडी?"

"अंड्यांबद्दल नियमात काही नाही," मॅडम म्हणाल्या.

मला राग आला. नियम माझ्या आवडीचे आहेत, तरी आला. "बाई, आधी जाऊन अंडी पाण्यात सोडा," मी म्हणालो. "पुढचं पुढं बघू." ती परत येऊ नये असे मला मनापासून वाटत होते.

शुक्रवारी दुपारी ती आली.

"दोन दिस हायेत अजून," ती म्हणाली. "पर उद्या-परवा हापिस बंद, म्हनून आजच आले. आईची वैधता असली की पोरांना लगीच मिळती ना?"

"लगेच मिळते."

ती कोऱ्या कागदावर जाऊन बसली आणि तिने डावा पंख नीट पसरला. मी फाईल हळू मिटली. प्रमाणपत्र त्याच दिवशी निघाले आणि कुळ राहिले.

तीन वर्षांनी, पुन्हा जानेवारीतच, तिची लेक आली. अर्जाला आईच्या प्रमाणपत्राची प्रत जोडलेली होती. तेवढ्यावर भागते. पण मूळ प्रत तपासावी लागते, म्हणून मी अभिलेख कक्षातून फाईल आणून तिच्यासमोर उघडली.

तिने आपला पंख त्या पंखाशेजारी ठेवला. मी "मूळ प्रत पाहिली" असा शेरा लिहिला, शिक्का मारला आणि शेवटची गाडी चारला आहे असे सांगितले. ती जागची हलली नाही.

"साहेब," ती अगदी हळू म्हणाली, "आमच्यात आई कुनीच बघितल्याली नसती."

मी फाईल साडेपाचपर्यंत उघडी ठेवली.