उत्तमरावांचा शेवटचा डबा

पाऊण तास! अश्विनीने सगळं मिनिटांत बसवलं होतं. फोटोला हार, दोन भाषणं, दोन मिनिटं मौन, चहा. पुण्यातल्या कॉलेजच्या ग्रंथालयात बावीस वर्षं पोरांना गप्प बसवलेल्या बाईला चाळीस माणसं गप्प बसवणं काय अवघड! वडिलांची तेरवी नीटनेटकी, शांतपणे पार पाडायची, गोंधळ नाही, रडारड नाही. ती स्वतः तेरा दिवसांत एकदाही रडली नव्हती. वेळच मिळाला नव्हता.

फक्त एक चूक झाली. तेरवी शुक्रवारी आली!

आता शुक्रवारचं काय एवढं, असं पुण्यात कुणीही विचारील. चिखलीत विचारणार नाही. चिखलीच्या केबलवर दर शुक्रवारी संध्याकाळी सहा वाजता तिचे वडील उत्तमराव 'डब्यात काय?' हा कार्यक्रम करत. पंधरा वर्षं! पाऊस असो, लाइन जावो, मूळव्याध असो.

एरवी ते कृषी केंद्राच्या काउंटरवर बियाणं विकत. बोंडअळीला दाद न देणारा म्हणून बीटी कापूस नवा नवा आला, तेव्हा प्रत्येक पाकिटाबरोबर साध्या बियाण्याची एक लहान पुडी येई. ती शेताच्या कडेने लावायची, हे सांगून सांगून उत्तमरावांचा घसा बसला. लोक पुडी बांधावर फेकत. एकाने तर "ही फुकटची काऊन दिली? काय लफडं हाय यात?" म्हणून परत आणून आपटली. तेव्हा उत्तमरावांनी ती पुडी एका स्टीलच्या डब्यात घातली, लग्नातला मरून रंगाचा कोट चढवला आणि केबलवर उभं राहून विचारलं, "सांगा, डब्यात काय?" दुसऱ्या दिवशी सारा तालुका पुडीबद्दलच बोलत होता.

तेव्हापासून साडेसातशे डबे झाले. केबल हैदरचाचांची, कॅमेराही त्यांचाच. स्टुडिओ म्हणजे कृषी केंद्राचं गोदाम. पडदा जरा सरकला की मागची युरियाची थप्पी दिसे. नियम साधा. स्पर्धकाने दहा प्रश्न विचारायचे, उत्तमरावांनी खरं उत्तर द्यायचं. ओळखलं तर बॅटरी बक्षीस. नाही ओळखलं तर डबा बंदच, पुढच्या शुक्रवारी उघडायचा. एकदा औरंगाबादच्या मोठ्या चॅनेलने त्यांना बोलावून नेलं. आठ दिवसांत परत! "तिथं कार्यक्रम सांगणाऱ्यालेच माहीत नसते डब्यात काय हाय," ते म्हणाले. "मंग मजा कायची?"

अश्विनीने हा कार्यक्रम कधी पाहिला नव्हता. पुण्यात तो दिसत नसे, आणि खरं सांगायचं तर तिला त्या कोटाची थोडी लाजच वाटे. वडिलांशी तिचं बोलणं होई ते गुरुवारी दुपारी. तेही कसलं बोलणं! 'जेवलीस का' नाही, 'बरी आहेस का' नाही. एकच प्रश्न. "अश्विनी, तुह्या टेबलावर आत्ता काय हाय?" ती म्हणे, "टाचण्या, बाबा." ते म्हणत, "बरं." फोन बंद! म्हातारपणाचा चाळा, दुसरं काय. शेवटच्या गुरुवारचा फोन तिने घाईत कापला होता, आणि रविवारी ते गेले. तो फोन आठवला की ती उठून मांडवातल्या खुर्च्या मोजायला लागे.

चार वाजता चाळीस खुर्च्या भरल्या. सव्वाचारला पिंपळगाव राजाहून जीप आली. साडेचारला बीबीचे लोक आले, तेही दोन जीप भरून, वरती टपावर! पाचपर्यंत दोनशे माणसं झाली.

"एवढे लोक?" अश्विनीने हैदरचाचांना गाठलं. "बाबांचे एवढे मित्र होते?"

हैदरचाचा टोपी नीट करत म्हणाले, "मित्र तर होतेच बेटा. पण आज शुक्रवार नाही का?"

"मग?"

"शेवटचा डबा बंद राह्यला ना! सहदेवले ओळखता नाही आला. उत्तमभाऊ म्हणले, पुढच्या शुक्रवारी उघडू. आता तेच नाही राह्यले, गेला शुक्रवार सुतकात गेला. पण जबान तर दिली होती."

"चाचा, ही श्रद्धांजली सभा आहे!"

"हाव, तेच म्हणतो. जबान पाळली, यापेक्षा मोठी श्रद्धांजली काय?"

एवढ्यात सहदेवभाऊ स्वतःच पुढे आले. पाच एकर कापसावर बोंडअळी बसल्याने माणूस आधीच वाळलेला. त्यात पंधरा दिवस झोप नाही. "ताई, अळीनं जेवढं खाल्लं नाही तेवढं या डब्यानं खाल्लं मले. बायको म्हणते, आधी डब्याचं पाहून या, मंग घरात या!"

पहिलं भाषण करायला आलेल्या वामनरावांनी हातातले, पाच भाषणांना पुरतील एवढे कागद घडी घालून खिशात ठेवले. तेही म्हणाले, "डबा आणा."

अश्विनी स्वयंपाकघरात गेली. फळीवर, आईच्या डब्यांच्या रांगेत, तो बसला होता. झाकणाला हैदरचाचांनी सांगितलेला लाल रंगाचा पट्टा. तिने उचलला. जड! बाबांनी काय ठेवलं असेल? कुणासाठी? आता तिलाही राहवेना. पंधरा वर्षं न पाहिलेल्या कार्यक्रमाची ती एका क्षणात प्रेक्षक झाली.

"जड हाय!" पहिल्या रांगेने मागच्या रांगेला सांगितलं. जीपपर्यंत बातमी पोचेतो डब्यात सोनं होतं. रस्त्यापलीकडे पोचेतो पिस्तूल होतं!

"आधी शेवटचा भाग लावा," वामनराव म्हणाले. "नियम म्हणजे नियम."

हैदरचाचांनी टीव्ही तयारच ठेवला होता. पडद्यावर उत्तमराव आले, मरून कोटात. अख्खा मांडव सवयीने सावरून बसला. अश्विनीने पदराचं टोक मुठीत धरलं.

"खायाचं हाय काय?" पडद्यावरच्या सहदेवने विचारलं.

"नाही."

"शेतात भेटते?"

"यंदा भेटलं. एकरी भेटलं."

"बीटीतून निघते?"

"कंपनी म्हणे निघणार नाही. पण यंदा तेच निघालं!"

"सरकार देते काय?"

"हाव. दर साली जाहीर करून देते."

"माह्या घरी हाय?" हा सहदेवचा दहावा, शेवटचा प्रश्न.

"घरी गेल्यावर बायकोले इचार, काऊन रुसली? ते जे सांगन, तेच डब्यात हाय."

मांडव हसला. मग तेरवी आठवून गप्प झाला. मग पुन्हा हसला. सहदेवभाऊ कपाळ धरून म्हणाले, "असं कोणतं जड सामान हाय बे, जे सरकारबी देते अन् बायकोबी सांगते?"

"उघडा!" बीबीवाले ओरडले.

झाकण घट्ट. अश्विनीने ओढलं, वामनरावांनी ओढलं. शेवटी सहदेवभाऊंनी डबा गुडघ्यात धरला, आणि मांडववाल्याच्या त्या हत्तीएवढ्या पंख्यासमोर उभं राहून जोर लावला.

फट्ट!

लाल ढग उठला. पंख्याने तो इमानेइतबारे शेवटच्या रांगेपर्यंत पोचवला. तिखट! दोन किलो, यंदाच्या मिरचीचं! वामनराव शिंकत शिंकत फोटोला नमस्कार करू लागले. पिंपळगाव राजावाले जीपखाली शिरले. दोनशे माणसं धाय मोकलून रडत होती. चिखलीत पुढाऱ्याच्या मरणालाही कुणी एवढं रडलं नव्हतं!

आणि अश्विनी रडत होती. पहिली दोन मिनिटं तिखटाने. नंतरचं कुणी विचारलं नाही.

"तिखट!" सहदेवभाऊ डोळे चोळत ओरडले. "पण ते तर खातात! उत्तमभाऊ खोटं बोलले?"

पंधरा वर्षांत पहिल्यांदा हा शब्द निघाला होता. शिंकणारेही वळून पाहू लागले. अश्विनीला तो शब्द तिखटापेक्षा जास्त झोंबला.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून शेजारच्या कलाकाकू धावत आल्या. "अगं माय! माह्या तिखटाचा डबा कोणी आणला? तेरवीच्या सयपाकाले डबा सापडेना, म्हणून मीच भरलं त्यात. आमच्या घरी केबल नाही बाई, मले काय ठाऊक!"

"आधी त्यात काय होतं, काकू?" अश्विनीने विचारलं. "आठवा."

"काही नाही."

"नीट आठवा!"

"आता काय आठवू? उघडला, काही नाही. रिकामा. कोरडा ठणठणीत."

मांडवात कुजबुज झाली. उत्तमभाऊ ठेवायला विसरले! हैदरचाचा मात्र मान हलवत होते. "उत्तमभाऊ अन् विसरतील? माह्या वहीत सारे डबे लिहिले हायेत." त्यांनी वही उघडली. "टाचण्या. भिंग. गोंदाची बाटली. रबरी शिक्का. तारीख बदलायचा शिक्का. अर्धी झिजलेली पेन्सिल... मी दर टायमाले म्हणे, भाऊ, कपाशीच्या गावात हे असं तुम्हाले सुचते कसं? ते म्हणत, माहं एक माणूस हाय पुण्याले."

अश्विनीला ते ग्रंथालयातलं टेबल दिसलं. पंधरा वर्षांचं, गुरुवारी दुपारचं.

शेवटच्या गुरुवारी तपासणी समिती दारात उभी होती. "टेबलावर काय हाय?" आणि ती म्हणाली होती, "काही नाही हो बाबा! नंतर करते."

ते म्हणाले होते, "बरं."

तिने माइक घेतला. आवाज तिखटाने बसला होता, ते बरंच झालं. "बाबा विसरले नव्हते. खोटंही बोलले नाहीत. डब्यात काही नव्हतं. तेच उत्तर होतं."

 मग सहदेवभाऊंचे ओठ हलू लागले. "शेतात भेटलं... काही नाही. बीटीतून निघालं... काही नाही. सरकार देते..." आणि हा वाळलेला माणूस असा हसत सुटला, की त्याला दोघांनी धरलं. "अन् बायको! बायको तर रोजच सांगते!"

चहा साडेसातला झाला. अश्विनीच्या आई पुष्पाबाई त्या दिवशी एकच वाक्य बोलल्या. "आता कलाचं ते वर्षाचं तिखट कोण कुटून देणार?"

कार्यक्रम आता बंद पडेल असं अश्विनीने धरलं होतं. तोही अंदाज चुकला. सहदेवभाऊ डबा घेऊन उभे राहणार असं ठरलं, पण कोट त्यांना फार ढगळ झाला. हैदरचाचांनी पाठीमागून चिमटे लावले.

गुरुवारी दुपारी ग्रंथालयात फोन वाजला.

"बेटा, टेबलावर काय हाय?"

अश्विनीने पाहिलं. निघताना कलाकाकूंनी पिशवीत कोंबलेली पुडी अजून तिथेच पडली होती.

"तिखट, चाचा."

"ते झालं बेटा. दुसरं सांग."