पूर्णा मंडळीचं गुप्तदान

गुरुवारी सकाळी पाळक शांतवन उजागरे यांनी घंटेची दोरी ओढली आणि सगळी दोरी गोळा होऊन त्यांच्या डोक्यावर पडली. त्यांनी वर पाहिलं. तुळई होती, पण घंटा नव्हती.

ते आत गेले. आत तर काहीच नव्हतं. सहा बाकं नव्हती, वाजवायची पेटी नव्हती, सतरंजी नव्हती, वेदीवरचं कापड आणि पितळेच्या दोन फुलदाण्याही नव्हत्या. सोमवारपासून तीन दिवस ते सायकलवर खेड्यांच्या फेरीला गेले होते. तेवढ्यात पूर्णेचं चर्च कुणीतरी धुऊन नेलं होतं. भिंतीवरचं घड्याळ तेवढं जागेवर होतं आणि त्यावर आकड्यांपेक्षा मोठ्या अक्षरांत लिहिलेलं 'भगवानराव यांजकडून' हेही शाबूत होतं.

खरं सांगायचं तर पाळकसाहेबांना जेवढं वाईट वाटायला हवं होतं, तेवढं वाटलं नाही. उलट मनाच्या एका कोपऱ्यात, पाळकाला न शोभणारं, 'बघा, मी म्हणत नव्हतो?' असं काहीतरी वाटून गेलं.

त्याला कारण होतं. तीन वर्षांपूर्वी, दुष्काळ सरता सरता ते नगरहून इथे आले तेव्हा मंडळीत बावीस घरं होती, बहुतेक रेल्वेतली. तीन वर्षं ते औदार्यावर बोलले, एकजुटीवर बोलले, मंडळीच्या वाढीवर तर घसा बसेपर्यंत बोलले. घरं बावीसच राहिली. बाकं लंगडत होती, पेटीचे दोन सूर मुके झाले होते, घंटेला तडा गेला होता. दुरुस्तीसाठी कमिटी नेमली. कमिटीच्या अकरा बैठका झाल्या आणि अकराही एकाच प्रश्नावर मोडल्या: कुणी काय दिलं याचा फलक लावायचा, तर त्यावर पहिलं नाव कुणाचं? पार्सल ऑफिसातल्या भगवानरावांनी घड्याळ दिलं ते नावासकट. लोकोशेडमधल्या सूर्यभान फिटरने मग एका बाकावर वडिलांचं नाव कोरून घेतलं, आणि त्या बाकावर दुसऱ्याचं पोर बसलं की सूर्यभानच्या बायकोला खोकला यायचा.

शेवटी कंटाळून साहेबांनी गेल्या महिन्यात परभणीच्या सुपरिंटेंडंटसाहेबांना, म्हणजे मिशनमधल्या आपल्या वरिष्ठांना, पत्र लिहिलं. ही मंडळी वाढणारी नाही, ती परभणीला जोडून टाकावी आणि मला दुसरीकडे पाठवावं. ही गोष्ट त्यांची पत्नी रूथबाई सोडून कुणालाच ठाऊक नव्हती. उत्तर आलं, 'येत्या रविवारी येतो. पाहतो आणि तिथेच ठरवतो.' म्हणजे पूर्णेला पाळक राहणार की नाही, याचा निकाल रविवारी लागायचा होता.

आता जायचंच आहे, तर मनातलं बोलून जाऊ, म्हणून गेल्या रविवारी त्यांनी तोफ डागली होती.

"घड्याळ देता आणि वेळेपेक्षा नाव मोठं लिहिता! या हाताचं त्या हाताला कळू देऊ नका. काही चांगलं कराल तर बायकोला सांगू नका, शेजाऱ्याला सांगू नका, मलासुद्धा सांगू नका. कुणी खोदून विचारलं तरी तोंड उघडू नका!"

आजवर त्यांचं एकही प्रवचन मंडळीने चर्चच्या पायरीखाली उतरू दिलं नव्हतं. त्यामुळे हे खाली उतरेल, अशी शंका त्यांना आली नाही.

साहेब तडक समोरच्या सांबप्पांच्या किराणा दुकानात गेले. सांबप्पा कपाळावर भस्माचे पट्टे ओढून गल्ल्यावर बसले होते.

"सांबप्पा, मोठं कुलूप आहे का? चर्चमध्ये चोरी झालीय."

"चोरी? कवा?"

"या तीन दिवसांत. सगळं नेलं."

सांबप्पांनी तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. गिऱ्हाइकाने जे मागितलं तेच द्यायचं, वर सल्ला द्यायचा नाही, असा त्यांचा वीस वर्षांचा रिवाज होता.

"अलीगढी हाय बगा, लय मजबूत. देऊ?"

आजवर चर्चला कधी कुलूप लागलं नव्हतं. त्या दिवशी लागलं आणि किल्ली जानव्यासारखी, म्हणजे दोऱ्यात ओवून, साहेबांच्या गळ्यात गेली. मग त्यांनी पोलीस चौकीत जाऊन जमादार नागनाथ यांच्याकडे तक्रार लिहून दिली. कुणावर संशय आहे का, असं जमादारांनी विचारलं. "छे, आमची मंडळी गरीब आहे हो," साहेब म्हणाले, "चांगलंही करत नाही आणि वाईटही करत नाही."

झालं होतं ते असं. प्रवचन ऐकून सिताराम सुतार घरी गेला, आणि सोमवारी दोन, मंगळवारी दोन, बुधवारी दोन अशी हातगाडीवर बाकं नेऊन रंधा मारत बसला. सगळं दुरुस्त करून शनिवारी गुपचूप जागेवर ठेवायचं, असा त्याचा बेत होता. भगवानराव पेटी घेऊन नांदेडच्या कारागिराकडे गेले. सूर्यभानने घंटा उतरवून तडा सांधायला नेली. कडूबाईंनी सतरंजी आणि वेदीचं कापड नदीवर धुवायला नेलं. फुलदाण्या मालनबाईंकडे चिंच लावून पडल्या होत्या. प्रत्येकाला वाटत होतं की चर्चमध्ये फक्त आपणच चांगुलपणा करतोय; दुसरी एखादी वस्तू जागेवर दिसली नाही, तर ती साहेबांनीच कुठे आवरून ठेवली असेल, अशी समजूत होती.

गुरुवारी 'चोरी झाली' ही बातमी पसरली तेव्हा प्रत्येकाला धक्का बसला. आपली वस्तू आपल्याकडे आहे, मग बाकीचं खरंच चोरांनी नेलं! आणि आता आपण बोललो तर जमादार सगळंच आपल्या माथी मारणार. शिवाय साहेबांनी तोंड उघडू नका म्हणून बजावलेलंच होतं. तेव्हा वस्तू हळूच ठेवून यावी हे बरं. पण ठेवायची कुठे? दाराला अलीगढी कुलूप.

शुक्रवारी दुपारी कडूबाई डोक्यावर भलंमोठं गाठोडं घेऊन साहेबांच्या दारात उभ्या राहिल्या.

"सलाम साहेब. किल्ली देता का जरा? प्रार्थना करायची हाय."

साहेब चकित झाले. तीन वर्षांत आडवारी कुणी प्रार्थनेला किल्ली मागितली नव्हती. अर्थात तीन वर्षांत किल्लीच नव्हती.

"गाठोड्यात काय आहे?"

"माजी पापं हायती म्हना," कडूबाई घाईत म्हणाल्या.

"मग पायरीवर बसून करा. देव पायरीवरही ऐकतो."

कडूबाई पायरीवर बसल्या, डोळे मिटले, एक डोळा कुलपाकडे ठेवून थोडा वेळ ओठ हलवले आणि गाठोडं उचलून परत गेल्या. तासाभराने सूर्यभान पोत्यात काहीतरी जड गुंडाळून आला. त्यालाही प्रार्थनाच करायची होती. पायरीवर पोतं टेकवताना आतून 'टण्ण' असा आवाज आला, तेव्हा सूर्यभान पोत्यावरच बसला आणि मोठमोठ्याने गायला लागला. शनिवारी तर पायरीवर जागा मिळेना. रूथबाई खिडकीतून पाहत म्हणाल्या, "मंडळीत जागृती झालीय वाटतं."

"जागृती नाही, भीती," साहेब म्हणाले. "वस्तू गेल्यावर देव आठवतो यांना." पण आवाजात नेहमीची धार नव्हती. इतकी माणसं एका पायरीवर, भांडल्याशिवाय, त्यांनी पहिल्यांदाच पाहिली होती.

रविवारी सकाळी परभणीच्या पॅसेंजरने सुपरिंटेंडंटसाहेब उतरले. साहेबांनी गळ्यातली किल्ली काढून कुलूप उघडलं. रिकाम्या खोलीत दोघांच्या चपला वाजल्या.

"पत्रात तुम्ही 'अडचणी आहेत' असं लिहिलं होतं," सुपरिंटेंडंटसाहेब सावकाश म्हणाले. "इतक्या असतील असं वाटलं नव्हतं."

मंडळी आली आणि फरशीवर बसली. कुणी कुणाकडे बघेना. पहिल्या गीताला कुणी सुरुवात करणार, इतक्यात दारात जमादार नागनाथ उभे राहिले. त्यांच्यामागे शिपायाच्या खांद्यावर पेटी, पेटीमागे मान खाली घातलेले भगवानराव आणि त्यांच्यामागे, दुकान तसंच टाकून आलेले सांबप्पा.

"साहेब, चोर घावला," जमादार म्हणाले. "पेटी यांच्या घरात पलंगाखाली होती. पर हे काय बोलंनात. कामून नेली म्हनलं तर म्हनतात, सांगू नका असा पाळकसाहेबांचाच हुकूम हाय."

सगळ्या माना पाळकसाहेबांकडे वळल्या. सुपरिंटेंडंटसाहेबांचीही वळली.

"मी? मी कधी सांगितलं?"

"तुमीच की साहेब!" भगवानरावांना रडू फुटायचंच बाकी होतं. "मलासुद्धा सांगू नका, असं तुमीच म्हनला. नांदेडहून सूर दुरुस्त करून आनली. ठिवायला आलो तर हे कुलूप! बाकीच्या चोरीतलं मला कायबी मालूम न्हाई. मुलाबाळांची शपथ."

भगवानरावांना बेडी पडणार, एवढं सूर्यभानला दिसलं. घड्याळावरून दोघांचं वर्षभर बोलणं नव्हतं. तरी तो उठला.

"जमादारसाहेब, त्यांला सोडा. घंटा म्या नेली. सांधून ठिवलीय."

"आन् सतरंजी म्या," कडूबाई म्हणाल्या. "पापं न्हवती ती साहेब, सतरंजीच व्हती."

"बाकं माज्याकडं," सिताराम म्हणाला.

"मला बी लिहा," मागून मालनबाई म्हणाल्या. मिशनच्या दवाखान्यात त्यांनी आयुष्यभर सुईणपण केलं होतं आणि समोर बसलेली निम्मी मंडळी त्यांच्याच हातावर जन्मली होती. "फुलदाण्या. दोन."

"एकेक जन बोला हो!" जमादार वहीत लिहिता लिहिता बेजार झाले. "फिर्यादी कोन आन् चोर कोन, कायच कळंना गेलंय!"

पाळकसाहेब सांबप्पांकडे वळले. "तुमच्या दुकानासमोरून नेलं सगळं. तुम्ही पाहिलं असेल."

"बघितलं की. हातगाडी बघितली, पेटी बघितली, समदं बघितलं."

"मग मला सांगितलं का नाही?"

"तुमी कुठं इचारलं? तुमी कुलूप मागितलं, मी कुलूप दिलं."

पहिल्यांदा सुपरिंटेंडंटसाहेब हसले आणि मग कुणालाच आवरेना. जमादारांनी वहीतलं पान फाडून खिशात घातलं. माणसं घराकडे पळाली आणि पाव तासात घंटा आली, सतरंजी आली, फुलदाण्या सोन्यासारख्या चमकत आल्या. सूर्यभान आणि भगवानराव एकाच हातगाडीला खांदा लावून पाच बाकं घेऊन आले. सूर्यभानच्या वडिलांचं नाव रंध्याखाली पुसटसुद्धा उरलं नव्हतं आणि सूर्यभान त्याबद्दल अवाक्षर बोलला नाही.

पाळकसाहेब मात्र उभेच होते. ज्यांना तीन वर्षं त्यांनी कंजूस म्हटलं, फुटीर म्हटलं, त्या प्रत्येकाने लपवून काहीतरी चांगलं केलं होतं. त्यांनी स्वतः लपवून काय केलं होतं, ते सुपरिंटेंडंटसाहेबांच्या बॅगेत होतं. त्यांना स्वतःची विलक्षण लाज वाटली.

"मलाही एक कबूल करायचंय," ते म्हणाले. "तुमच्यात काही राम नाही, मला इथून हलवा, असं पत्र मी सुपरिंटेंडंटसाहेबांना लिहिलंय. महिना झाला. तुम्हाला कळू दिलं नाही."

कडूबाई सतरंजीची सुरकुती काढत राहिल्या.

"म्हाईत हाय की," मालनबाई म्हणाल्या.

साहेबांनी पत्नीकडे पाहिलं. रूथबाई पदराशी चाळा करत म्हणाल्या, "मी फक्त मालनबाईंना सांगितलं होतं. शपथ घालून."

"आन् म्या बी चारचौघांत बोलले न्हाई," मालनबाई म्हणाल्या. "हरेकाला एकट्याला गाठून सांगितलं. शपथ घालून."

"म्हणजे गेल्या रविवारी मी बोलत होतो तेव्हा तुम्हाला सगळ्यांना..."

"साहेब, जानाऱ्याला धरून ठिवता येत न्हाई. पर मानूस लावून द्यायचा तर घर झाडून-पुसून, नीटनेटकं करून लावून द्यावा. मोडक्या बाकांतून उठून गेले म्हनून उद्या तुमाला कुनी बोल लावू नये, येवढंच," मालनबाई म्हणाल्या.

साहेबांचे डोळे भरून आले. ते लपवायला तोंड वळवावं, तर समोर जमादार उभे होते आणि तेही नाक पुसत होते.

सुपरिंटेंडंटसाहेबांनी चष्मा काढला. "मग उजागरे, काय ठरवायचं?"

साहेबांनी भिंतीला लावलेली बाकं मोजली.

"पाचच आलीत," ते म्हणाले. "सहावं जागेवर आल्याशिवाय मला इथून हलता येणार नाही. सिताराम, त्याला किती दिवस लागतील?"

"खोलून ठिवलंय साहेब," सिताराम म्हणाला. "तसं बगाल तर दोन दिसाचं काम..."

मालनबाईंचं कोपर त्याच्या बरगडीत बसलं. त्याने मालनबाईंकडे पाहिलं, मग साहेबांकडे पाहिलं आणि हिशेब नव्याने केला.

"पर सध्याला चांगलं सागवान कुठं मिळायलंय? पाच-सा वर्सं तर लागतीलच."