इटली, तिसरा मजला

पहिल्याच भेटीत परबकाकांनी मला जर्मनीत पाठवलं.

नाहूरच्या या बिल्डिंगमध्ये आम्ही नुकतेच राहायला आलो होतो. हमाल सामान वर आणत होते आणि मी तिसऱ्या मजल्यावर उभा राहून, आपण मदत करतोय असा चेहरा करत होतो. समोरचं दार उघडून कडक इस्त्रीतले एक गृहस्थ बाहेर आले. त्यांनी मला वरून खाली पाहिलं आणि नजर माझ्या पायांवर थांबवली.

"सँडलमध्ये मोजे," ते म्हणाले. "जर्मन रे तू. असू दे. माणसं वाईट नसतात. मशिनं चांगली करतात."

आणि जिना उतरून गेले. लग्न झाल्यापासून वर्षा, म्हणजे माझी बायको, मला जे सांगायचा प्रयत्न करत होती, ते एका परक्या माणसाने दोन श्वासांत सांगून टाकलं. तिने त्यांना त्याच संध्याकाळी चहाला बोलावलं.

हळूहळू कळलं की आमच्या बिल्डिंगमध्ये सगळं जग राहतं. सत्यनारायणाच्या पूजेलाही बर्म्युडा घालून बसणारे सेक्रेटरी म्हणजे अमेरिका. "त्या लोकांना पूर्ण पँट फक्त कोर्टात जाताना लागते." भर ऑक्टोबरच्या उकाड्यात कोट घालून शाळेत जाणारे मोरेसर इंग्लंड. पहिल्या मजल्यावरच्या शहाबेन फ्रान्स, कारण त्यांच्या गळ्याभोवती कायम काहीतरी गुंडाळलेलं असायचं. तो मानेचा पट्टा होता, डॉक्टरांनी दिलेला. पण असल्या बारीकसारीक गोष्टींसाठी काका देश बदलत नसत.

"आणि इंडिया कुठेय, काका?" मी एकदा विचारलं.

"इंडिया लग्नात. बाकी वेळ गाऊनवर ओढणी. ती एक ओढणी टाकली की बाई भाजी, बँक, शाळेची मीटिंग, सगळं करून येते. ही हिंमत फ्रान्समध्ये नाही."

काका भांडुपच्या एका कारखान्यातून टाइमकीपर म्हणून रिटायर झालेले. मूळचे मालवणकडचे. परदेश म्हणाल तर गोवा, आणि तोही मावशीकडे. तरी कपड्यांत इटलीला तोड नाही, हे त्यांचं पालुपद. मी म्हटलं, "काका, तुम्ही इटली बघितली तरी आहे का?"

"मेल्या, नरक कोणी बघितलाय? तरी तिथे तेल उकळतंय हे सगळ्यांना म्हायत हा ना?"



इटली हा त्यांचा सर्वोच्च सन्मान होता आणि तो त्यांनी बिल्डिंगमध्ये कुणालाच दिला नव्हता. आम्ही धरून चाललो होतो की ती जागा त्यांनी स्वतःसाठी ठेवलीय. त्यात खोटं काही नव्हतं. काका दूध आणायला गेले तरी शर्टाला शोभेल अशीच पँट. काकींना जाऊन काही वर्षं झाली होती, मुलगा निलेश खुद्द इटलीत नोकरीला, घरात काका एकटे. पण टापटीप अशी, की मला तर समोर राहायचंच टेन्शन.

त्यांची एक तऱ्हा मात्र मला कळत नसे. त्यांचे कपडे जोडीने जगत. दोरीवर शर्टाशेजारी त्याचीच पँट वाळणार. इस्त्रीला जाताना दोघांना पांढऱ्या दोऱ्याने एकत्र बांधणार, येतानाही तसेच बांधलेले येणार. मी म्हणायचो, "काका, यांचं लग्न लावलंत की काय?" काका हसायचे आणि दोऱ्याची गाठ आणखी घट्ट करायचे.

मग निलेशने तिकडच्याच मुलीशी लग्न केलं आणि तिचे आईवडील नाहूरला यायचे ठरले. काकांची झोप उडाली.

"अरे, इटली माझ्या दारात येतेय," ते म्हणाले. "ते लोक पाळण्यातसुद्धा पॉलिश केलेले बूट घालतात. माझ्यावरून निलेशला नावं ठेवली तर?"

त्यांनी कपाटातले सगळे कपडे इस्त्रीला दिले आणि नेमका त्यांचा गुडघा आखडला. गठ्ठा आणायची कामगिरी माझ्याकडे आली. "जोड्या सोडू नको हां," काकांनी बजावलं.

आता ऐका माझी हुशारी. जोड्या पिशवीत मावेनात. मी तिथेच टपरीच्या फळीवर सगळे दोरे सोडले, शर्टांचा एक गठ्ठा केला, पँटींचा दुसरा, आणि घडीला घडी लावून इतकं सुबक काम केलं की इस्त्रीवाला बघत राहिला. ते कौतुक असावं असं मला वाटलं. काका घरी नव्हते, गुडघा दाखवायला गेले होते. माझ्याकडे त्यांची जादा किल्ली असायची. मी दोन्ही गठ्ठे कपाटात ठेवले आणि स्वतःवर खूश होऊन घरी आलो.

रविवारी पाहुणे यायच्या जरा आधी काकांनी माझी बेल वाजवली. पोपटी शर्ट. खाली मरून पँट. मला क्षणभर गरगरलं. पण म्हटलं, बेट्या, तू जर्मन, तुला काय कळतंय? हीच असणार आजकालची फॅशन.

"कसा दिसतोय?" काकांनी विचारलं.

"इटली, काका."

"नक्की?" ते माझ्याकडे बघत राहिले. "नीट बघून सांग."

"एकदम झकास."

टॅक्सी आली. आधी निलेश उतरला, मग सून, मग विहीणबाई, आणि शेवटी व्याही. चुरगळलेली हाफपँट, आणि पायांत सँडल. सँडलमध्ये मोजे.

काकांनी त्या पायांकडे पाहिलं, मग माझ्या पायांकडे पाहिलं. व्याह्यांना मात्र काकांचा थाट बेहद्द आवडला. त्यांनी काकांना मिठीच मारली, गालाला गाल लावले, आणि त्या पोपटी-मरूनचे सगळ्या बाजूंनी फोटो काढले. पण निलेशचा चेहरा उतरला. तो हळूच वडिलांच्या कानाशी गेला.

"बाबा, आज जर्मनी झालंय."

"असं होय," काका एवढंच म्हणाले, आणि पाहुण्यांना घेऊन वर गेले.

निलेशला मी जिन्यात गाठलं. तेव्हा कळलं. काकांना लाल आणि हिरवा वेगळे दिसतच नाहीत. पोपटी काय, मरून काय, त्यांना दोन्ही मातकट. हे घराबाहेर कोणाला कळू नये म्हणून काकींनी जोड्या लावून दिल्या. तरी कधी गडबड झालीच, तर चारचौघांत त्या म्हणायच्या, "अहो, आज जर्मनी झालंय," आणि काका आत जाऊन बदलून यायचे. सगळं ठीक असलं की, "इटली."

"देश फक्त ते दोनच होते," निलेश म्हणाला. "बाकीचं जग बाबांनी आई गेल्यावर वसवलं."

मी घरी जाऊन मोजे काढले. का, ते विचारू नका.

दुसऱ्या दिवशी वर्षाने आणि इटालियन सुनेने मिळून सगळ्या जोड्या पुन्हा लावल्या, एकमेकींची भाषा न कळता, कपाटासमोर फतकल मारून. गाठी वर्षाने बांधल्या. व्याह्यांबद्दल काकांनी त्यांची टॅक्सी सुटेपर्यंत चकार शब्द काढला नाही. नंतर मला म्हणाले, "एक माणूस म्हणजे काय देश नव्हे रे. त्यांच्यातही कोणी वाया जात असेल."

पाहुणे गेल्याच्या दुसऱ्या सकाळी बेल वाजली. दारात काका. पोपटी शर्ट, मरून पँट.

"काय रे? कुठला देश?"

मी या वेळी नीट बघितलं.

"जर्मनी, काका. आत जा, पँट बदला."

"अख्खं जर्मनी?"

"फक्त पँट. शर्ट राहू दे."

"बरं बाबा," काका म्हणाले आणि वळले. कित्येक दिवसांत त्यांना इतकं खूश पाहिलं नव्हतं. मी चक्रावलो. आता कुठली जोडी कशी सुटली? वर्षाच्या गाठी मला माहीत आहेत, त्या आपोआप सुटत नाहीत, दात लावावे लागतात.

दार लोटताना काकांचा हात दिसला. बोटाला पांढरा दोरा गुंडाळलेला होता.