जिनपालांची शतपावली

जिनपालांनी संध्याकाळच्या जेवणानंतरची शतपावली बंद केली आणि राजमतीच्या मनात पाल चुकचुकली. लग्न झाल्यापासून एक दिवस न चुकता कोपऱ्यापर्यंत जाऊन येणारा माणूस अचानक घरात बसायला लागतो, म्हणजे पाणी कुठंतरी मुरतंय. बरं, बसावं तर स्वस्थ? तेही नाही. हात थरथरतायत, छातीत धडधडतंय, रात्रभर छताकडं बघून उसासे चाललेत.

शेजारच्या नसरीननं सगळं नीट ऐकून घेतलं.

"वैनी, आमच्या भावाचं असंच झालतं. शेवटी त्याचं लगीन लावून द्यावं लागलं."

राजमतीनं मनाशी हिशेब मांडला. एवढ्या वर्षांचा संसार, आणि त्या वाटेवर कोण बया भेटत होती देव जाणे. आता जात नाहीत म्हणजे बिनसलं असणार. नाव काढायचं तर यांच्याच तोंडून. पण जागरणानं पेंगलेला माणूस काय कबूल करणार? म्हणून तिनं रोजचा चहा दुप्पट कडक केला, वर दोन कप वाढवले आणि समोर ठाण मांडून बसू लागली.

"घ्या की. तरतरी येईल. आन् मनात काय हाय ते सांगा."

"काय न्हाय," जिनपाल म्हणायचे, आणि त्यांच्या हातात कपबशी वाजत राहायची.

शेवटी एक दिवस दुकानात गिऱ्हाइकासमोरच त्यांना भोवळ आली. डॉक्टर आदितींनी छातीची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढली. ती साफ होती.

"चहा किती घेता?"

"पैल्यापासनं लई घेतोय. कधी काय झालं न्हाय."

"मग एवढ्यात सिगरेट सोडलीत का?"

राजमतीला हसू आलं. "अवो डॉक्टर, आमी जैन. आमच्यात कांदा बी जपून खातात."

"तसं नाही. सिगरेटच्या धुरामुळं लिव्हर एक एन्झाइम जादा बनवतं. चहातल्या कॅफिनचा निचरा तेच करतं. धूर थांबला की एन्झाइम कमी होतं, आणि नेहमीचाच चहा अंगात साठून राहतो. म्हणून विचारलं."

जिनपाल आपल्या चपलांकडं बघत होते.

"पर्युषण पर्वात म्हाराजांपुढं सोडायचा नियम घेतला," ते हळूच म्हणाले. "इतकी वर्षं वडली, कुणाला पत्ता न्हाय. सोडली आन् घावलो."

बाई नाही म्हटल्यावर राजमतीचा जीव भांड्यात पडला. पण क्षणभरच. रोज संध्याकाळी, हे बाहेर पडताना, पचनाला बरी म्हणून ती स्वतः भाजून यांच्या खिशात पुडी घालायची.

"म्हंजे ती बडीशेप..."

"लई उपेगी पडली," जिनपाल अगदी मनापासून म्हणाले.