दाराच्या डावीकडची माती

माझ्या तोंडून 'नाही' निघत नाही, हा माझा एकट्याचा दोष नव्हे. अख्ख्या जावा बेटाचा आहे. आमच्याकडे पाहुण्याला तोंडावर नकार देत नाहीत. हसत 'हो हो, बघू या' म्हणायचं. शहाणा पाहुणा काय ते समजतो आणि विषय बदलतो. (माझी बायको मुर्तिना जावाचीच, पण ती सरळ 'नाही' म्हणते. निदान मला तरी.)

यंदा आमच्या गावच्या बंद साखर कारखान्यात मातीचं महत्त्व शोधायला देशोदेशीचे कलाकार आले. सरपंचानं एकेक कलाकार एकेका घरी राहायला दिला. आमच्या वाट्याला हॉलंडची हेंड्रिका आली. ही बाई चक्क माती चाखायची! शेतातली चाखली, नदीकाठची चाखली, आणि एके सकाळी आमच्या दाराच्या डावीकडची चिमूट जिभेवर ठेवून डोळे मिटून उभी राहिली.

"सुगिमानकाका, या मातीत आठवणी आहेत! घेऊ?"

असणारच! आमची मुलगी रारास जन्मली तेव्हा तिची वार मी तिथंच पुरली होती. मुलीची वार दाराच्या डावीकडे, वर पालथं मडकं, शेजारी दिवा. हे काम बापाचंच. रारास जकार्ताला नोकरीला गेली ती दोन ईद झाल्या तरी फिरकली नव्हती. मुर्तिना रोज तिथं पाणी शिंपडायची. "वार इथं आहे ना? मग पोर जातेय कुठं! येईल." आणि या ईदेला येते असं पोरीनं खरंच कबूल केलं होतं.

मी हेंड्रिकाला हसत म्हणालो, "हो हो, बघू या." आणि ऑफिसला गेलो.

परत येतो तर दाराशी म्हैस लोळेल एवढा खड्डा. माती पोत्यांत भरून बाई जकार्ताच्या प्रदर्शनाला रवाना! खड्ड्याच्या काठावर मुर्तिना बसलेली.

"तुम्ही तिला नाही म्हणाला नाहीत?"

"म्हणालो की. आपल्या पद्धतीनं."

"आग लागो तुमच्या पद्धतीला! हिच्या पणजोबांनी आपल्यावर राज्य करून साखर नेली, कॉफी नेली. माझ्या पोरीची वार तेवढी राहिली होती, ती तुम्ही हसत हसत दिलीत!"

"भरून देतो गं खड्डा."

"कशानं?" ती म्हणाली आणि रडायला लागली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ईद तोंडावर आली तेव्हा रारासचा फोन आला. मुर्तिना माझ्या खांद्यावरून फोनला कान लावून उभी.

"बाबा, एका प्रदर्शनाला गेले होते. काचेच्या पेटीत नुसती माती ठेवलीय, पण समोर उभी राहिले आणि रडूच कोसळलं हो! अगदी घरी जाऊन आल्यासारखं वाटलं."

"अगं, ती माती…"

"म्हणून म्हटलं, ही ईद इथंच करते. गाड्यांना गर्दी किती! चालेल ना?"

मुर्तिना माझ्या तोंडाकडे बघत होती. जन्मात एकदाच तो शब्द उच्चारायचा होता. मी तोंड उघडलं.

"हो हो," मी म्हणालो, "बघू या."

पोर आता पुरती जकार्ताची झाली होती, आपली पद्धत विसरली होती.

"थँक्यू बाबा! मला माहीतच होतं, तुम्ही नाही म्हणणार नाहीत!"